काचेची इमारत बांधण्याआधी विद्यापीठाचं वीजबिल उघडा

प्रति,
माननीय कुलगुरू,
व्यवस्थापन परिषदेचे आणि अधिसभेचे सर्व सन्माननीय सदस्य

विषय : नवी प्रशासकीय इमारत, दप्तरी दाखल झालेला ऊर्जा अहवाल आणि कॅम्पसमधली विजेची उधळपट्टी

स.न.वि.वि.

गेल्या आठवड्यात विद्यापीठाच्या नव्या प्रशासकीय इमारतीचं संकल्पचित्र संलग्न महाविद्यालयांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फिरलं. चार मजले, पश्चिमेला तोंड, पायथ्यापासून गच्चीपर्यंत निळसर काचेचा दर्शनी भाग आणि आत सेंट्रल एसी. त्याच आठवड्यात आम्हाला कळलं की आमच्या विद्यार्थ्यांनी कॅम्पसच्या वीजवापरावर तयार केलेला अहवाल ‘निधीअभावी तूर्त विचार करता येत नाही’ असा शेरा मारून दप्तरी दाखल केला आहे. काचेच्या इमारतीला निधी आहे आणि पंखे बदलायला नाही, हा हिशेब मला मान्य नाही. म्हणून हे पत्र आपल्याला, आणि आपल्यासोबत नाशिककरांनाही.

विद्यापीठाचं नाव मी मुद्दाम लिहिलेलं नाही. असाच कारभार इतर अनेक कॅम्पसमध्ये चालतो, आणि मला निर्णय बदलून हवा आहे, कुणाची बदनामी करायची नाही.

मी एका संलग्न महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवते. माझं लहानपण एकलहऱ्याच्या वसाहतीत गेलं. वडील औष्णिक वीज केंद्रात कोळसा हाताळणी विभागात होते. वीज म्हणजे काय हे मी पुस्तकाआधी घरी शिकले. कोळशाची वाघीण टिपलरवर चढली की अख्खी उलटी होते, कोळसा खाली कोसळतो, पट्ट्यावरून गिरणीत जातो, तिथे त्याची पिठासारखी भुकटी होते आणि ती बॉयलरमध्ये जळते. वडील कामावरून आले की आधी मोरीत जायचे. नाक शिंकरलं की रुमाल काळा व्हायचा. उन्हाळ्यात राखेच्या तळ्याकडून वारा सुटला की आई दोरीवरचे कपडे ओढून घ्यायची, तरी पांढऱ्या चादरीवर बोट फिरवलं की राखाडी रेघ उमटायची. आज एकलहऱ्याला २१० मेगावॉटचे तीन संच आहेत, मिळून ६३० मेगावॉट. सगळे चाळीस वर्षांहून जुने. नाशिक शहरातल्या माणसाला त्र्यंबकेश्वर माहीत असतं, गंगापूर धरण माहीत असतं. आपल्या दिव्यामागची ती चिमणी रेल्वेतून जाताना दिसते, तेवढीच.

आपल्या कॅम्पसमध्ये आलेलं युनिट एकलहऱ्याचं, कोराडीचं की कोयनेचं, हे कुणी सांगू शकत नाही. सगळी वीज एकाच ग्रिडमध्ये मिसळते. पण देशात तयार होणाऱ्या विजेपैकी सुमारे ७० टक्के वीज आजही कोळशावर होते. कोळशावरच्या एका युनिटामागे साधारण ६०० ते ७०० ग्रॅम कोळसा जळतो, आणि आपल्याकडच्या कोळशात ३० ते ४० टक्के राख असते. ग्रिडमधल्या सरासरी युनिटामागे सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. हे आकडे मी दरवर्षी वर्गात फळ्यावर लिहिते. मुलं वहीत उतरवून घेतात, आणि तास संपल्यावर रिकाम्या वर्गात पंखे फिरतच राहतात, कारण वर्गातला निम्मा स्विचबोर्ड तुटलेला आहे आणि मुख्य स्विच कुलपात आहे.

आता तक्रारींकडे येते.

पहिली तक्रार बिलाची. विद्यापीठ दरमहा किती वीज वापरतं, हे विद्यापीठातल्या कुणालाच सांगता येत नाही. मुलांनी अहवालासाठी बारा महिन्यांची बिलं मागितली. लेखा विभागाने विद्युत विभागाकडे पाठवलं, विद्युत विभागाने कुलसचिव कार्यालयाकडे, आणि तिथून ‘अर्ज करा’ असं उत्तर आलं. शेवटी एका सहृदय अभियंत्याने दोन बिलं दाखवली. तेवढ्यावरूनही पुष्कळ कळलं. विद्यापीठासारख्या उच्चदाब ग्राहकाला आता केव्हीएएचवर, म्हणजे ग्रिडमधून ओढलेल्या एकूण विजेवर, आकारणी होते. त्यातली खरोखर कामी येणारी वीज किती, ते प्रमाण म्हणजे पॉवर फॅक्टर. तो घसरला की प्रत्यक्षात कामी न आलेल्या विजेचेही पैसे भरावे लागतात. आपल्या सबस्टेशनमधली, हे प्रमाण सुधारणारी कपॅसिटर बँक अर्धी बंद आहे; मुलांनी पॅनेलसमोर उभं राहून ते पाहिलं. कॅम्पसभर एकच मुख्य मीटर आहे. ग्रंथालय किती खातं, वसतिगृहं किती, प्रशासन किती, याची कुठेच नोंद नाही. घरात बिल दोनशे रुपयांनी वाढलं तर आपण विचारतो, कशामुळे? इथे लाखांनी वाढलं तरी विचारणारं कुणी नाही, कारण ते कुणाच्याच खिशातून जात नाही. जातं ते परीक्षा शुल्कातून, म्हणजे दिंडोरी-सुरगाण्याच्या पोरापोरींच्या घरून.

दुसरी तक्रार ग्रंथालयाच्या वाचनकक्षाची, आणि ती थोडी सविस्तर सांगते, कारण सगळं दुखणं त्या एका खोलीत दिसतं. वाचनकक्षाला उत्तरेकडे मोठ्या खिडक्या आहेत. जुन्या अभियंत्याने त्या विचार करून ठेवल्या होत्या. उत्तरेचा उजेड दिवसभर एकसारखा असतो, डोळ्यांवर येत नाही. त्या खिडक्यांसमोर आज लोखंडी कपाटं उभी आहेत. आत जुनी बांधीव नियतकालिकं, कपाटांच्या चाव्या हरवलेल्या. त्यामुळे भर दुपारी बारा वाजताही सगळ्या ट्यूब लावाव्या लागतात. ट्यूब जुन्या, तांब्याच्या चोकच्या. चोकसकट एक ट्यूब ५० वॉटच्या आसपास घेते, त्याच उजेडासाठी एलईडी ट्यूब १८ ते २० वॉटमध्ये भागते. आणि वायरिंग असं की एका स्विचवर ट्यूबची अख्खी रांग. परीक्षेच्या काळात रात्री एखादी मुलगी कोपऱ्यात वाचत बसली की तिच्यासाठी निम्मा हॉल उजळतो. तिला दोष द्यायचा नाही. तिला एक दिवा हवा आहे, आपण तिला पर्यायच ठेवलेला नाही. मुलांनी लक्स मीटर घेऊन कपाटांच्या मागे आणि पुढे उजेड मोजला. कपाटं पलीकडच्या भिंतीला लावली तर दिवसा ट्यूबची गरजच उरत नाही, असं अहवालात लिहिलं आहे. कपाटं सरकवायला निविदा लागत नाही. चार माणसं लागतात.

पंख्यांचंही तेच. जुना छताचा पंखा ७० ते ८० वॉट घेतो, बीएलडीसी मोटरचा ३० वॉटच्या आसपास. रोज दहा तास आणि वर्षाचे २५० दिवस धरले तर एका पंख्यामागे साधारण ११० युनिट वाचतात. कॅम्पसमध्ये हजाराहून जास्त पंखे आहेत. हजारच धरा : वर्षाला सव्वा नाही, पण एक लाखावर युनिट, कोळशाच्या भाषेत ७० टनांच्या आसपास, त्यातली राखच वीस-पंचवीस टन. युनिटला दहा रुपये धरले तर अकरा लाख रुपये. पंखा तीन हजारांचा मिळाला तरी तीन वर्षांच्या आत पैसे वसूल, आणि पंखा त्यापुढेही कित्येक वर्षं चालतो. हे गणित आमच्या दुसऱ्या वर्षाच्या मुलांनी केलं आहे. त्यात काही चूक असेल तर वित्त विभागाने ती दाखवावी. ‘निधी नाही’ हे या गणिताचं उत्तर होत नाही.

तिसरी तक्रार मुलींच्या वसतिगृहाची. गच्चीवर सौर बंब आहेत. बसवले तेव्हा फोटो निघाले होते. मुली मला वर घेऊन गेल्या तेव्हा काय दिसलं ते सांगते. काचेच्या नळ्यांपैकी काही फुटलेल्या, त्यांची तोंडं प्लास्टिकच्या पिशव्यांनी बांधलेली. टाकीखाली गंजाचे ओघळ. या प्रकारच्या बंबात एक नळी फुटली तरी टाकीतलं पाणी वाहून जातं, म्हणून कुणीतरी वरचा व्हॉल्व्हच बंद करून टाकलेला. उरलेल्या धड नळ्या उन्हात कोरड्या तापत होत्या. देखभालीचा करार संपला, नूतनीकरणाची फाईल कुठेतरी अडकली, आणि काही शे रुपयांच्या नळीपायी लाखांची यंत्रणा बंद पडली.

नाशिकची थंडी बाहेरच्यांना ठाऊक नसते. डिसेंबर-जानेवारीत पारा दहाच्या खाली जातो, निफाडकडे त्याहूनही खाली. सकाळी सातच्या प्रॅक्टिकलला जायचं असलेली मुलगी काय करते? बादलीत रॉड टाकते. रॉड दीड हजार वॉटचा, वीस लिटरची बादली तापवायला पाऊण युनिटाच्या आसपास वीज लागते. एकाच वेळी दहा खोल्यांत रॉड लागले की एमसीबी पडतो, जुन्या वायरी तापतात, आणि ओल्या फरशीवर उभी असलेली ती पोर विजेच्या धक्क्यापासून एका चुकीच्या हालचालीइतकी दूर असते. यावर विद्यापीठाचा उपाय काय, तर नोटीस बोर्डावर पाचशे रुपये दंडाची सूचना. छतावर फुकटचं ऊन, खाली थंडीने कुडकुडणाऱ्या मुली, आणि मधे दंडाचं पावतीपुस्तक. माझा जीव सगळ्यात जास्त इथे जळतो.

चौथी तक्रार नव्या इमारतीची. पश्चिमेच्या भिंतीला नखशिखांत काच लावणं म्हणजे एप्रिल-मेच्या दुपारी, पारा चाळिशीला टेकलेला असताना, ऊन आत घेऊन ते एसीने बाहेर ढकलत बसणं. पुढे काय होतं तेही ठरलेलं आहे. उन्हाची तिरीप टेबलावर येते म्हणून पडदे लागतात. पडदे लागले की अंधार होतो म्हणून दिवे लागतात. मग काच कशासाठी होती? ऊर्जा संवर्धन इमारत संहिता, जिला सगळे ईसीबीसी म्हणतात, पहिल्यांदा २००७ साली आली, २०१७ साली सुधारली, आणि १०० किलोवॉट किंवा त्याहून जास्त जोडभार (जोडलेल्या सगळ्या उपकरणांचा मिळून भार) असलेल्या व्यावसायिक इमारती तिच्या कक्षेत येतात. भिंतीत खिडक्यांचं प्रमाण किती, काचेतून उष्णता किती आत येते, छताला उष्णतारोधन किती, हे सगळं तिच्यात आहे. विद्यापीठाच्या संकल्पचित्रासोबत यातला एकही आकडा नव्हता. आपल्याच संलग्न महाविद्यालयांत वास्तुकलेच्या मुलांना दिशा, छज्जे आणि वायुवीजन शिकवलं जातं. त्या प्राध्यापकांना कुणी विचारलं का?

थंड इमारत बांधता येत नाही असं नाही. कानपूरचा उन्हाळा आपल्यापेक्षा कितीतरी कडक. तिथल्या आयआयटीतली पर्यावरण विज्ञान आणि अभियांत्रिकी केंद्राची इमारत पर्यावरणस्नेही इमारतींच्या ‘गृह’ मानांकनात पाच तारे मिळवणारी देशातली पहिली ठरली. शिक्षणसंस्थेनेच ते करून दाखवलं. आणि इतकं लांब तरी कशाला जायचं? जुन्या नाशकातल्या वाड्यांमध्ये मे महिन्यातही पाय ठेवला की गार वाटतं : जाड भिंती, मधला चौक, खोल पडव्या. वाडाच बांधा असं मी म्हणत नाही. चार मजली कचेरी आहे, लिफ्ट लागेल, सर्व्हर रूमला एसीही लागेल. पण नाशिकचं ऊन कुठून येतं एवढं तरी आराखड्याला माहीत असावं.

एसीबद्दल एक छोटी गोष्ट. ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोच्या सांगण्याप्रमाणे एसीचं तापमान एक अंशाने वाढवलं की सुमारे ६ टक्के वीज वाचते. १ जानेवारी २०२० पासून खोलीसाठीचे नवे एसी २४ अंशांवर लावूनच विकले जातात. आपल्या सभागृहातला आकडा १८ असतो आणि मागच्या रांगेतल्या मुली ओढण्या गुंडाळून बसतात.

पाचवी तक्रार शिकवण्याची. १९९१ साली सर्वोच्च न्यायालयाने पर्यावरणासाठी लढणारे वकील एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर निकाल देताना पर्यावरण हा शिक्षणाचा भाग करण्यास सांगितलं. पुढे न्यायालयाच्याच पाठपुराव्यामुळे पदवीच्या प्रत्येक विद्यार्थ्याला पर्यावरणाचा सक्तीचा पेपर आला. विद्यापीठ अनुदान आयोगाने ‘सतत’ नावाने कॅम्पससाठी पर्यावरणस्नेही विकासाची चौकट दिली. महाविद्यालयांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकच्या सातव्या निकषात ऊर्जा बचत आणि पर्यायी ऊर्जा यांना गुण आहेत. कागदावर काहीच कमी नाही. १४ डिसेंबरला राष्ट्रीय ऊर्जा संवर्धन दिन असतो. त्या दिवशी घोषवाक्य स्पर्धा होते, शपथ होते, फ्लेक्स लागतो. पंधरा डिसेंबरला त्याच सभागृहात १८ अंश. मुलांचं लक्ष असतं, महोदय. पर्यावरण ही गुणांपुरती गोष्ट आहे हे त्यांना पेपरमधून कळत नाही, सभागृहातून कळतं. आणि हीच मुलं उद्या नगरपालिकेत अभियंता होणार, बँकेत कर्ज मंजूर करणार, शाळेत शिकवणार, सिन्नर-सातपूरच्या कारखान्यांत देखभाल विभाग सांभाळणार. इथे लागलेली सवय ती सोबत घेऊन जातील.

माझ्या वर्गात निफाड तालुक्यातला एक मुलगा होता. सकाळच्या तासाला डुलक्या घ्यायचा. विचारलं तर म्हणाला, “मॅडम, आठवडाभर आमची लाइट रात्रीची आहे.” शेतीला वीज पाळीने मिळायची, रात्रीची पाळी आली की बाप मोटर चालू करायला मळ्यात जायचा, आणि बिबट्याच्या भीतीने हा बॅटरी धरून सोबत. राज्याने २०१७ साली सौर कृषी वाहिनी योजना आणली ती याचसाठी, शेतकऱ्याला दिवसा वीज मिळावी म्हणून. काम पुढे सरकतं आहे, चांगलं आहे. पण त्या रात्री हा मुलगा मळ्यात उभा होता तेव्हा विद्यापीठाच्या रिकाम्या कॉरिडॉरमध्ये सगळे दिवे चालू होते. तो मला कधी हे बोलून दाखवणार नाही. मी आपल्याला बोलून दाखवते आहे.

हे विद्यापीठाचं कामच आहे का, असा प्रश्न अधिसभेत एका सदस्यांनी विचारल्याचं ऐकलं. हो, आहे. १९९० साली अमेरिकेतल्या टफ्ट्स विद्यापीठाचे तेव्हाचे अध्यक्ष जाँ मेयर यांनी फ्रान्समधल्या तालवार गावी जगभरातल्या विद्यापीठप्रमुखांना बोलावलं. २२ जणांनी दहा कलमी जाहीरनाम्यावर सह्या केल्या. त्याचं सार हेच की विद्यापीठाने शाश्वततेवर शिकवावं, संशोधन करावं आणि स्वतःचा कारभारही तसाच चालवावा. नंतर जगभरातली शेकडो विद्यापीठं त्यात सामील झाली. कारण उघड आहे. एका कॅम्पसमध्ये वर्ग, प्रयोगशाळा, वसतिगृहं, खानावळ, सभागृह, पंपघर, रस्त्यावरचे दिवे, सगळं असतं. छोट्या गावात जे जे असतं ते सगळं इथे, आणि वर मोजायला उपकरणं आणि शिकायला हजारो मुलं. जे इथे जमेल ते गावातही जमवता येईल. इथेच जमलं नाही तर गावाला कुठल्या तोंडाने सांगायचं?

अडतं कुठे, तेही मला थोडंफार समजतं. आपल्या अर्थसंकल्पात इमारतीचं शीर्ष वेगळं आणि वीजबिलाचं वेगळं. पंखे घ्यायचे तर पैसे एका शीर्षातून जातात, बचत दुसऱ्या शीर्षात दिसते, आणि ज्या विभागाने धडपड केली त्याच्या हाती काहीच येत नाही. त्यात खरेदी सर्वांत कमी दराच्या निविदेवर. स्वस्तातला पंखा निवडला जातो आणि पुढची दहा वर्षं तो जास्त वीज खात बसतो. ती रक्कम निविदेच्या तुलनात्मक तक्त्यात कुठेच येत नाही. यावर तोडगे आहेत. हार्वर्ड विद्यापीठाने या शतकाच्या सुरुवातीपासून अशा कामांसाठी फिरता निधी ठेवला : निधीतून काम करायचं, वाचलेल्या बिलातून पैसे परत भरायचे, मग तेच पैसे पुढच्या कामाला. आपल्याला तेवढे कोट्यवधी नकोत. वाचनकक्ष आणि दोन वसतिगृहं यांच्यापासून सुरुवात करण्याइतका निधी पुरे.

छतांचंही बोलायला हवं. एक किलोवॉट सौर पॅनेलला साधारण १०० चौरस फूट छत लागतं आणि दिवसाला सरासरी चारेक युनिट मिळतात. विद्यापीठाचं काम दिवसा चालतं, ऊनही दिवसाच असतं. घरगुती ग्राहकाची ही सोय होत नाही. त्याचा वापर संध्याकाळी. आणि पदरचे पैसे घालायचे नसतील तर रेस्को पद्धत आहे : कंपनी स्वतःच्या खर्चाने पॅनेल बसवते, सांभाळते, आपण ठरलेल्या दराने युनिटचे पैसे देतो. पण आधी गळती थांबवा, मग पॅनेल लावा. वाया जाणारी वीज सौर असली तरी ती वायाच जाते.

पाण्याबद्दल इतकंच सांगते की टाक्या भरून वाहत असताना पंप चालू राहतो आणि त्यात पाणी आणि वीज दोन्ही जातात. फ्लोट स्विच बसवा, विषय संपला.

आमच्या मागण्या अशा :

मागील तीन वर्षांची सगळी वीजबिलं संकेतस्थळावर टाकावीत आणि इथून पुढे दर महिन्याला टाकत राहावीत. प्रत्येक इमारतीला सब-मीटर बसवून तिचा वापर दारातच फलकावर लिहावा.

वसतिगृहांचे सौर बंब येत्या दिवाळीच्या आत दुरुस्त व्हावेत, देखभालीचा करार व्हावा, आणि गरम पाणी मिळेपर्यंत रॉडचा दंड बंद ठेवावा. या मागणीवर कुठलीही समिती नको. प्लंबर पाठवा.

नव्या इमारतीची निविदा काढण्याआधी आराखडा ईसीबीसीच्या कसोटीवर तपासून घ्यावा आणि तो तपासणी अहवाल जाहीर करावा. पश्चिमेची काच रद्द व्हावी, ही माझी स्वतःची आग्रहाची मागणी आहे. तपासणीत वास्तुकला आणि विद्युत अभियांत्रिकीच्या प्राध्यापकांना घ्यावं.

ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोच्या प्रमाणित ऊर्जा लेखापरीक्षकाकडून पूर्ण कॅम्पसचं लेखापरीक्षण व्हावं. नॅकच्या फाईलसाठी तेवढ्यापुरतं नको. शिफारशींवर कुणी काय केलं ते दर सहा महिन्यांनी अधिसभेसमोर यावं. यासाठी पूर्णवेळ ऊर्जा व्यवस्थापक नेमावा. अतिरिक्त कार्यभार म्हणून कुणा प्राध्यापकाच्या गळ्यात घालू नये.

पंखे, दिवे, एसी, पंप यांची खरेदी करताना किमतीत आयुष्यभराच्या विजेचा खर्च धरावा. बचतीतून फिरता निधी उभारावा आणि त्यातला वाटा ज्या विभागाने वीज वाचवली त्याला मिळावा.

आणि विद्यार्थ्यांना कामाला घ्यावं. नव्या शैक्षणिक धोरणानुसार क्षेत्र प्रकल्प, कार्यप्रशिक्षण आणि समाजसहभाग यांना श्रेयांक आहेतच. मुलं आज कुठेतरी जाऊन सह्या गोळा करून ते श्रेयांक पुरे करतात. त्यांना आपल्याच इमारती मोजू द्या. क्लॅम्प मीटर हातात घेऊन पॅनेलसमोर उभा राहिलेला माझा विद्यार्थी पॉवर फॅक्टर आयुष्यात विसरणार नाही. पुस्तकातला तो परीक्षेनंतर महिनाभरात विसरतो.

यातल्या काही गोष्टींना पैसे लागतील, काहींना वेळ, आणि कपाटं हलवण्यासारख्या काहींना एक तोंडी सूचना पुरेल. सगळं एकदम होणार नाही हे मला समजतं. कशाची सुरुवात कधी करणार, हे विद्यापीठाने तारखेसह सांगावं एवढंच म्हणणं आहे.

विद्यार्थ्यांच्या अहवालाची प्रत या पत्रासोबत आवक विभागात पुन्हा दिली आहे. येत्या अर्थसंकल्पी अधिसभेत तो पटलावर ठेवावा. आपलं उत्तर होकारार्थी असो वा नकारार्थी, ते लेखी आणि कारणांसह द्यावं. अहवाल करणारी मुलं यंदा शेवटच्या वर्षाला आहेत, आणि ते उत्तर मी त्यांना वर्गात वाचून दाखवणार आहे.

आपली विश्वासू,
भौतिकशास्त्राची एक प्राध्यापिका, नाशिक

प्रत माहितीस्तव : कुलसचिव, वित्त व लेखा अधिकारी, इमारत व बांधकाम समिती, वसतिगृह प्रमुख, सर्व विद्यार्थी प्रतिनिधी